स्नोमोबाइलची पहिली सहल : आधी हिम, मग वाट, मग केबिन

स्नोमोबाइल म्हणजे पुढे स्की (घसरपट्ट्या) आणि मागे फिरता रबरी पट्टा असलेली, हिमावर चालणारी गाडी. आमच्या पहिल्या स्नोमोबाइल सहलीची आखणी करताना आम्ही सर्वांत आधी केबिन ठरवली. लाकडी भिंती, दगडी शेकोटी आणि खिडकीबाहेर सूचिपर्णी झाडांवर साचलेले हिम अशी छायाचित्रे पाहून तिथल्या तिथे पैसे भरले आणि बाकीचे सगळे त्या केबिनभोवती बसवत गेलो. जाहिरातीत ‘ट्रेलपासून’, म्हणजे स्नोमोबाइलसाठी आखलेल्या वाटेपासून, ‘पाच मिनिटे’ असे लिहिले होते. ती पाच मिनिटे मोटारीची होती, हे पोहोचल्यावर कळले. रोज सकाळी स्नोमोबाइल ट्रेलरवर चढवायच्या, ट्रेलच्या तोंडाशी नेऊन उतरवायच्या आणि संध्याकाळी बधिर बोटांनी पुन्हा पट्टे आवळायचे, यातच चार दिवसांपैकी जवळजवळ एक दिवस गेला. शिवाय आमच्या तारखा हंगामाच्या अगदी सुरुवातीच्या असल्याने पहिले दोन दिवस निम्म्या वाटा बंदच होत्या. नंतरच्या सहलींत आम्ही हा क्रम उलटा केला आणि बहुतेक अडचणी आपोआप मिटल्या. तोच क्रम येथे मांडला आहे.

एक खुलासा आधीच करतो. मराठीत आकाशातून पडते तेही बर्फ आणि तळे गोठल्यावर होते तेही बर्फच. या विषयात मात्र पहिल्यावर गाडी चालते आणि दुसऱ्यावर ती घसरते, किंवा पाण्यात जाते. म्हणून या लेखात पडणाऱ्या भुरभुरीत पदार्थाला ‘हिम’ आणि गोठलेल्या पाण्याला ‘बर्फ’ असे म्हटले आहे.

१. प्रदेश आणि तारखा ठरवणे

थंडी असली म्हणजे हिम असतेच, असे नाही. उत्तर अमेरिकेतील महासरोवरांच्या काठी थंड वारा अजून न गोठलेल्या पाण्यावरून वाहत येतो, वाफ उचलतो आणि पलीकडच्या किनाऱ्यावर ती हिम म्हणून टाकतो. सुपीरियर सरोवराच्या दक्षिण काठावरील मिशिगनचा कीविनॉ द्वीपकल्प यासाठीच प्रसिद्ध आहे. तेथे वर्षाकाठी सरासरी पाच मीटरांहून अधिक हिम पडते, तर थोडे दूर गेल्यावर तेवढ्याच थंडीत त्याच्या निम्मेही नसते. आँटॅरिओ सरोवराच्या पूर्वेकडील न्यूयॉर्क राज्यातल्या टग हिल पठाराचीही हीच गोष्ट आहे. माँटॅनातील वेस्ट यलोस्टोनसारख्या ठिकाणी हिम टिकते ते उंचीमुळे, कारण ते गाव समुद्रसपाटीपासून सुमारे दोन हजार मीटरांवर आहे. कॅनडातील क्वेबेक प्रांतात वाटांचे जाळे इतके विस्तृत आहे की रोज नव्या मुक्कामी जात आठवडाभराचा प्रवास करता येतो. १९५९ मध्ये जोझेफ-आर्मां बोंबार्दिए यांनी ‘स्की-डू’ हे हलके यंत्र बाजारात आणले ते याच प्रांतातील व्हालकूर गावातून. फिनलंडच्या लॅपलँडमध्ये मार्गदर्शकासह काही तासांच्या फेऱ्या सहज मिळतात. ज्यांना स्वतः आखणी न करता अनुभव घ्यायचा आहे, त्यांच्यासाठी तो मार्ग सोपा आहे.

पहिल्या सहलीसाठी डोंगराळ प्रदेशापेक्षा सपाट किंवा हलक्या चढउताराचा आणि ग्रूमर यंत्राने वाटा नियमित सपाट केल्या जाणारा प्रदेश निवडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. खोल हिमात आणि उतारांवर चालवणे हा जवळजवळ वेगळाच खेळ असून त्याची तयारीही वेगळी असते.

तारखांच्या बाबतीत डिसेंबरचा मोह टाळावा. नाताळच्या सुट्टीत भाडे चढलेले असते, हिमाचा पक्का थर बसलेला नसतो, तळी पुरती गोठलेली नसतात आणि दिवस लहान असतो. ४७ अक्षांशाच्या आसपास डिसेंबरअखेर जेमतेम साडेआठ तास उजेड मिळतो, तोच फेब्रुवारीच्या शेवटी जवळपास अकरा तास मिळतो. ध्रुववृत्ताच्या बरेच उत्तरेला तर डिसेंबरअखेर सूर्य उगवतच नाही. जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारीचा तिसरा आठवडा हा काळ नवख्यांसाठी सर्वांत भरवशाचा ठरतो. शक्य असल्यास सोमवार ते गुरुवार असे दिवस घ्यावेत. शनिवारच्या गर्दीत दुपारपर्यंत वाटेवर इतके उंचवटे तयार होतात की कंबर संध्याकाळी त्याचा हिशेब मागते.

२. तिथला कायदा आणि परवाने

केबिनकडे वळण्यापूर्वी हे काम उरकावे, कारण काही ठिकाणी परवानगीच्या तारखांवरच बाकी सारे अवलंबून असते. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाचे उदाहरण घ्या. तेथे स्नोमोबाइलचा हंगाम साधारण डिसेंबरच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंतच असतो, उद्यानाने मान्य केलेली कमी धूर आणि कमी आवाजाचीच यंत्रे आत सोडली जातात आणि सामान्यतः परवानाधारक मार्गदर्शकाबरोबरच जावे लागते. मार्गदर्शकाशिवाय जाण्याचे मोजके परवाने हिवाळ्याच्या कितीतरी आधी सोडतीने वाटले जातात. वेस्ट यलोस्टोनमध्ये केबिन घेतली म्हणजे हवे तेव्हा उद्यानात शिरता येईल, असे समजून येणारे दरवर्षी निराश होतात. गावाभोवतीच्या राष्ट्रीय वनांतील वाटांना मात्र हे निर्बंध नाहीत.

मिशिगनमध्ये सार्वजनिक वाटा १ डिसेंबर ते ३१ मार्च या काळात खुल्या असतात आणि प्रत्येक यंत्रावर ट्रेल परवान्याचा स्टिकर असावा लागतो. क्वेबेकमध्ये संघटित वाटांसाठी प्रवेशहक्क विकत घ्यावा लागतो आणि तेथील वेगमर्यादा ताशी ७० किलोमीटर आहे. फिनलंडमध्ये जमिनीवर ताशी ६० आणि गोठलेल्या पाण्यावर ताशी ८० किलोमीटर अशी मर्यादा असून चालक किमान १५ वर्षांचा असावा लागतो. नॉर्वेच्या मुख्य भूमीवर मोकळ्या रानात करमणुकीसाठी स्नोमोबाइल फिरवण्यास सर्वसाधारण बंदी आहे आणि ठरवून दिलेल्या वाटांवरच ती चालवता येते. नॉर्वेच्याच स्वालबार्ड द्वीपसमूहात मोटार चालवण्याचा वैध परवाना जवळ लागतो. म्हणजे एका देशातील अनुभव दुसऱ्या देशात गृहीत धरता येत नाही.

यंत्र भाड्याचे असल्यास नोंदणी आणि ट्रेल परवाना भाड्यातच धरलेला आहे का, हे लेखी विचारून घ्यावे. काही राज्यांत विशिष्ट वर्षानंतर जन्मलेल्या चालकाकडे सुरक्षा-प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र असणे बंधनकारक आहे. हे प्रशिक्षण बहुधा घरबसल्या ऑनलाइन पूर्ण होते. बंधन नसले तरी मी ते प्रत्येक नवख्याला करायला सांगतो.

३. केबिनची निवड

वाटांचा नकाशा समोर उघडा ठेवूनच केबिन शोधावी. तुम्हाला हवी आहे अशी केबिन, जिच्या दारातून स्नोमोबाइल सुरू करून कोणत्याही ट्रेलरशिवाय थेट वाटेवर जाता येते. ‘जवळ’, ‘लगत’, ‘काही मिनिटांवर’ या शब्दांवर विसंबू नये. केबिनपासून ट्रेलपर्यंत जो रस्ता आहे त्यावर स्नोमोबाइल चालवण्याची कायदेशीर मुभा आहे का, हा एकच प्रश्न नेमका विचारावा, कारण अनेक गावांत ठरावीक रस्त्यांच्या कडेनेच जाता येते आणि शेजाऱ्याच्या अंगणातून जाणे हे अतिक्रमण ठरते. जाहिरातीतील छायाचित्रात दारासमोर स्नोमोबाइल उभी दिसली, तरी ती तेथपर्यंत ट्रेलरवरून आलेली असू शकते.

दुसरी गोष्ट इंधनाची. केबिनपासून सर्वांत जवळचा पंप स्नोमोबाइलने गाठता येतो का, हे नकाशावर पाहावे. रात्री केबिनमध्ये परतताना टाकी भरलेली असणे ही फार मोठी सोय आहे, आणि त्यासाठी पंप परतीच्या वाटेवर असावा लागतो.

मालकाशी बोलताना मी आता पुढील गोष्टी न चुकता विचारतो. केबिनपर्यंतच्या रस्त्यावरील हिम कोण काढते आणि किती वाजेपर्यंत? मोटार चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणारी (फोर-व्हील ड्राइव्ह) लागेल का, किंवा चाकांना साखळ्या लागतील का? ट्रेलर वळवायला आणि उभा करायला जागा आहे का? घर मुख्यतः कशाने गरम होते, घर तापवणाऱ्या भट्टीने की केवळ लाकडाच्या शेगडीने? केवळ शेगडी असेल तर रात्री दोनदा उठून लाकडे टाकावी लागतील, याची मनाची तयारी हवी. लाकडे सुकी आणि झाकलेली आहेत का, आणि ती भाड्यात आहेत का? हिवाळ्यात नळाला पाणी असते का? (काही केबिनमध्ये नळ बंद करून बाहेरचे शौचालय वापरायला सांगतात आणि ही ओळ जाहिरातीच्या तळाशी असते.) वीज गेल्यास काय सोय आहे? मोबाइलला संपर्क मिळतो का? शेवटचा प्रश्न ऐकून लोक हसतात, पण तो तितकाच महत्त्वाचा आहे : ओले कपडे वाळवायला जागा कोठे आहे? सहा जणांचे बूट, हातमोजे, हेल्मेट आणि पोशाख एका न्हाणीघरात वाळत नाहीत आणि ओला हातमोजा दुसऱ्या दिवशीची सहल संपवतो.

सौदा पक्का करण्यापूर्वी रद्द करण्याच्या अटी वाचाव्यात. हिम न पडणे हे बहुतेक ठिकाणी पैसे परत करण्याचे कारण मानले जात नाही. काही मालक मात्र वाटा अधिकृतपणे बंद असल्यास तारखा बदलून देतात. अशी केबिन थोडी महाग असली तरी ती घ्यावी. पोहोचण्याचा दिवस निव्वळ पोहोचण्यासाठी ठेवावा. अनोळखी, हिमाच्छादित रस्त्यावरून अंधारात केबिन शोधणे हा दुसऱ्या दिवशी लवकर उठण्याचा चांगला मार्ग नव्हे.

४. यंत्र भाड्याने घेणे

दुकानदार तुम्हाला इंजिनाची ताकद विचारतील, तेव्हा संकोच न करता कमी ताकदीचे यंत्र मागावे. ताशी शंभर किलोमीटरचा वेग नवख्याला कुठेही लागत नाही. ट्रेलवरच्या यंत्राचा रबरी ट्रॅक आखूड असतो, साधारण १२० ते १३७ इंचांचा, आणि ते वळणांवर चटकन वळते. डोंगरातल्या खोल हिमासाठी दीडशे इंचांहून लांब ट्रॅकचे यंत्र असते, जे सपाट वाटेवर नवख्याला जड जाते. दोन-आघाती इंजिन हलके असते, पण त्याला इंधनाबरोबर वेगळे तेल लागते. चार-आघाती इंजिन जड, शांत आणि कमी पेट्रोल पिणारे असते. मागे कोणी बसणार असेल तर कारखान्यातूनच दोन बैठकांचे आणि मागच्या मुठींनाही ऊब असलेले यंत्र घ्यावे. एकाच्या बैठकीवर दोघांनी दाटीवाटीने बसणे धोक्याचे असते.

करारातील तीन कलमे बारकाईने वाचावीत : नुकसानभरपाईत तुमचा वाटा कमाल किती, ट्रेल सोडून चालवण्यास मनाई आहे का, आणि यंत्र वाटेत बंद पडल्यास आणायला कोण येणार. ‘डॅमेज वेव्हर’ नावाची जी रक्कम घेतली जाते, तिने सर्व नुकसान माफ होते असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात तिने बहुधा तुमच्या खिशातून जाणाऱ्या रकमेवर एक मर्यादा येते, आणि दारू पिऊन किंवा ट्रेलबाहेर चालवल्यास तीही मर्यादा उरत नाही. ताबा घेताना स्की, पुढील काच, बाजूची आवरणे, ट्रॅक आणि बैठक यांची छायाचित्रे दुकानदारासमोरच काढावीत.

५. विमा

प्रवासविम्याच्या साध्या पॉलिसीत स्नोमोबाइल हा बऱ्याचदा धोकादायक खेळ म्हणून वगळलेला असतो. वगळलेल्या बाबींचे पान वाचून, गरज असल्यास जादा हप्ता भरून तो समाविष्ट करून घ्यावा आणि दुर्गम ठिकाणाहून रुग्णालयात हलवण्याचा खर्च त्यात आहे का हे पाहावे. क्वेबेकमध्ये ट्रेलवर येणाऱ्या यंत्राला तृतीय-पक्ष दायित्वाचा विमा सक्तीचा आहे. भाड्याच्या यंत्राच्या बाबतीत तो दुकानाकडे असतो, पण विचारून खात्री करावी.

६. कपडे

तापमान उणे १५ अंश सेल्सिअस आणि यंत्राचा वेग ताशी ५० किलोमीटर असेल, तर उघड्या त्वचेला ती थंडी जवळपास उणे २९ अंशांसारखी जाणवते. अशा थंडीत अर्ध्या तासाच्या आत त्वचेला हिमदंश होऊ शकतो. म्हणून चेहऱ्याचा एक बोटभर भागही उघडा राहता कामा नये. डोळ्यांखालचा, हेल्मेट आणि मुखपट्टी यांच्या मधला भाग नेमका विसरला जातो. दर थांब्याला एकमेकांच्या नाकाकडे आणि गालांकडे पाहण्याची सवय लावावी. पांढुरका, मेणासारखा डाग दिसला तर तो चोळू नये, उबदार हाताने झाकावा आणि आडोशाला जावे.

अंगालगत मेरिनो लोकर किंवा कृत्रिम धाग्याचे घट्ट कपडे, त्यावर फ्लीस आणि सर्वांत बाहेर वारा व पाणी अडवणारे जाकीट आणि छातीपर्यंत येणारी विजार, असे तीन थर घालावेत. सुती कपडा एकही नको, आतलाही नको, कारण घामाने भिजलेले सूत वाळत नाही आणि अंगाची ऊब शोषून घेते. मोजे दोन जोड्या चढवून बूट घट्ट करणे ही नेहमीची चूक आहे. बोटांना हलायला जागा नसली की रक्त फिरत नाही आणि पाय जास्तच गार पडतात. हातमोज्यांचे दोन जोड न्यावेत. मुठींना विजेची ऊब असली तरी ती तळव्याला मिळते, वाऱ्याकडच्या बाजूला नाही. चष्मा असणाऱ्यांनी तापणाऱ्या दुहेरी काचेचे हेल्मेट मागावे, नाहीतर पहिल्याच थांब्यानंतर सगळे धुके होते. बहुतेक दुकानांत हा पोशाख भाड्याने मिळतो. पहिल्या सहलीसाठी काहीही विकत घेऊ नये, फक्त अंगालगतचे कपडे आणि मोजे स्वतःचे असावेत.

७. दिवसाची आखणी

नकाशावरचे अंतर पाहून नवखे लोक फसतात. थांबे, वळणे, छायाचित्रे आणि एखाद्याचे अडकलेले यंत्र काढणे हे सर्व धरता तासाला २५ ते ३० किलोमीटर पदरात पडतात. पहिल्या दिवशी ६० ते ८० किलोमीटरचा फेरा पुरे. ताकदीचे काम मनगट, उजवा अंगठा आणि मांड्या करतात, आणि हे दुसऱ्या दिवशी सकाळी कळते. इंधनाच्या बाबतीत भरलेल्या टाकीत १५० किलोमीटरच्या आसपास जाता येईल असे धरावे आणि टाकी अर्धी होण्याआधीच पुढचा पंप कोठे आहे हे ठाऊक असावे. खोल हिमात हाच आकडा निम्म्यावर येतो.

नकाशा फोनमध्ये इंटरनेटशिवाय उघडेल असा उतरवून घ्यावा, आणि कागदी नकाशाही जवळ ठेवावा. थंडीत फोनची बॅटरी पाहता पाहता संपते, म्हणून तो जाकिटाच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवावा. कोणता फेरा घेणार आणि किती वाजता परतणार हे कोणाला तरी सांगून निघावे. संपर्क नसलेल्या भागासाठी उपग्रहामार्फत संदेश पाठवणारे छोटे उपकरण भाड्याने मिळते. त्यावर खर्च करताना मी कधीही हात आखडता घेत नाही.

सूर्यास्तापूर्वी एक तास केबिनमध्ये परतण्याचे ठरवावे. दिव्याचा झोत ठरावीक अंतरापर्यंतच पोहोचतो, आणि त्या अंतरात यंत्र थांबणार नाही इतका वेग असेल तर समोरचे झाड दिसूनही उपयोग नसतो.

८. पहिला तास

वेग वाढवणारा थ्रॉटल उजव्या अंगठ्यापाशी आणि ब्रेक डाव्या हाताशी असतो. घाबरल्यावर माणूस मूठ आवळतो आणि अंगठा दाबला जातो, म्हणजे थांबायचे तेव्हाच यंत्र उसळते. म्हणून मोकळ्या मैदानात अंगठा सुटा करण्याचा सराव आधी करावा. इंजिन थांबवणाऱ्या किल स्विचची दोरी जाकिटाला अडकवलेलीच असावी. तुम्ही पडलात तर यंत्र एकटे पुढे जाणार नाही.

वळणावर शरीर आतल्या बाजूला झुकवावे. यंत्र कलंडते आहे असे वाटून पाय बाहेर टेकवू नये, कारण अडीचशे किलोंचे धूड पायावर येते. वाटेच्या उजव्या कडेने चालावे आणि टेकडीच्या माथ्यावर किंवा आंधळ्या वळणावर कधीही थांबू नये. उजवा हात थ्रॉटलवर असल्याने खुणा डाव्या हाताने करतात. समोरून येणारा चालक बोटे दाखवतो, ती त्याच्या मागे आणखी किती यंत्रे आहेत याची संख्या असते, आणि बंद मूठ म्हणजे तो शेवटचा. आम्ही पहिल्या दिवशी तो नमस्कार समजून सर्वांना हात हलवून उत्तर देत होतो.

यंत्र हिमात रुतले तर थ्रॉटल दाबून ट्रॅक फिरवत राहिल्याने ते आणखी खोल जाते. उतरून पुढचे हिम पायांनी तुडवावे, स्की मोकळ्या कराव्यात आणि मग हळूच बाहेर काढावे. फिरत्या ट्रॅकच्या मागे कोणीही उभे राहू नये.

आणखी एक बाब दुकानदार क्वचितच सांगतात. बहुतेक यंत्रांचे इंजिन थंड ठेवण्यासाठी ट्रॅकने उडवलेले सुटे हिम लागते. वाट घट्ट गोठलेली असेल तर ते उडत नाही आणि तापमानाचा दिवा लागतो. तसे झाल्यास कडेच्या मऊ हिमात थोडे अंतर चालवावे. वाट सोडून शेतात मात्र शिरू नये. अनेक ट्रेल खाजगी जमिनींतून मालकांच्या संमतीने जातात आणि ती संमती एका बेशिस्त गटामुळे काढून घेतली जाते.

९. गोठलेली तळी आणि डोंगरउतार

स्नोमोबाइलसाठी नव्या, पारदर्शक बर्फाची जाडी किमान १३ ते १८ सेंटिमीटर असावी, अशी शिफारस अमेरिकेतील मिनेसोटा राज्याचे नैसर्गिक संसाधन खाते करते. पांढरट बर्फ याच्या निम्म्या ताकदीचा असल्याने दुप्पट जाड लागतो. जेथे ओढा मिळतो, पूल आहे किंवा तळे अरुंद होते तेथे बर्फ पातळ असतो, आणि वर साचलेल्या हिमामुळे तो वरून दिसत नाही. खुणा रोवलेली वाट नसेल तर नवख्याने तळ्यावर जाऊ नये, दुसऱ्या कोणाच्या ट्रॅकची खूण दिसत असली तरीही. कोणी पाण्यात पडलेच, तर ज्या दिशेने आलो त्या बाजूच्या, नुकतेच आपले वजन पेललेल्या बर्फाकडे वळावे, पाय मारत अंग आडवे करून वर यावे आणि उभे न राहता लोळत दूर जावे.

हिमस्खलने मुख्यतः ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतात आणि त्यात सापडणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या बाबतीत ते त्यांनी स्वतः किंवा त्यांच्याच गटातील कोणीतरी सुरू केलेले असते. उतारावर न जाताही त्याच्या पायथ्याशी थांबणे धोक्याचे असते. डोंगरात जायचेच असेल तर प्रत्येकाकडे बीकन (गाडलेल्या माणसाचा ठाव लावणारे, संदेशलहरी सोडणारे छोटे उपकरण), शोधकाठी आणि फावडे हवे, ते वापरण्याचा सराव हवा आणि त्या दिवशीचा धोक्याचा अंदाज वाचलेला हवा. गाडलेल्या माणसाच्या जगण्याची शक्यता पहिल्या पाव तासानंतर झपाट्याने घटते, म्हणून मदत बाहेरून येईपर्यंत थांबता येत नाही. ही तयारी नसेल, तर सपाट वाटाच बऱ्या.

१०. केबिनमधली संध्याकाळ

यंत्र उभे करताना ट्रॅकखाली लाकडी फळ्या ठेवाव्यात, नाहीतर तो रात्रीत जमिनीला चिकटून गोठतो. तरीही चिकटला तर सकाळी सुरू करण्यापूर्वी स्की डावीउजवीकडे हलवून आणि मागचा भाग उचलून तो मोकळा करावा. बैठकीवर आवरण घालावे. छपराच्या कडेखाली काहीच उभे करू नये, कारण साचलेले हिम एकदम घसरते. यंत्र बंद गॅरेजमध्ये चालू ठेवू नये. धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो. त्याचे सूचक यंत्र केबिनमध्ये चालू आहे का हे पहिल्याच रात्री तपासावे, आणि जोरदार हिमवर्षावानंतर भट्टीच्या धुराड्याचे बाहेरचे तोंड हिमाने बुजले नाही ना, हे पाहून यावे. शेगडीची राख धातूच्या डब्यात भरून तो डबा घराबाहेर, लाकडी ओसरीपासून दूर ठेवावा, कारण तिच्यातले निखारे दुसऱ्या दिवशीही जिवंत असतात.

बुटांचे आतले अस्तर काढून वेगळे वाळवावे. शेगडीला टेकवून ठेवल्यास ते कडक होते किंवा जळते. कडाक्याच्या रात्री बाहेरील भिंतीलगतचा नळ बारीक धारेने चालू ठेवावा.

११. कागदपत्रे आणि सामान

कागदपत्रे : ओळखपत्र किंवा पासपोर्ट, देश बदलत असल्यास व्हिसा, मोटार चालवण्याचा परवाना, लागू असल्यास सुरक्षा-प्रमाणपत्र, ट्रेल परवाना, यंत्राची नोंदणी, भाड्याचा करार, विम्याची प्रत आणि तातडीचा क्रमांक, अनामत रकमेसाठी पुरेशी मर्यादा असलेले क्रेडिट कार्ड (अनामत रक्कम अनेकदा भाड्याहून जास्त असते आणि कार्ड करारावर सही करणाऱ्याच्याच नावाचे लागते), केबिनच्या आरक्षणाची छापील प्रत.

यंत्रावर नेण्याचे सामान : जादा ड्राइव्ह बेल्ट (इंजिनाची ताकद ट्रॅककडे नेणारा पट्टा) आणि तो बदलण्याचे हत्यार, दोन-आघाती इंजिनासाठी स्पार्क प्लग व तेल, ओढण्याची दोरी, घडीची करवत, डोक्याला बांधायचा दिवा, प्रथमोपचार पेटी, काडेपेटी, अंगाची ऊब धरून ठेवणारी चादर, पाणी आणि खायचे काही. बेल्ट बदलण्याचे प्रात्यक्षिक दुकानातच मागावे. उबदार जागी पाच मिनिटांत होणारे हे काम रानात अर्धा तास घेते.

१२. परतीचा दिवस

यंत्र दुपारी द्यायचे असल्यास सकाळच्या फेऱ्याचा मोह सोडावा. आमच्या एका सहलीत शेवटच्या दोन तासांतच एक स्की झाडाच्या बुंध्यावर आदळली. यंत्र परत करताना टाकी भरून, चिकटलेले हिम झटकून द्यावे, म्हणजे खालचे ओरखडे दोघांनाही दिसतात. सुरुवातीची छायाचित्रे समोर ठेवून तपासणी करून घ्यावी आणि ‘नुकसान नाही’ असा शेरा करारावर लिहून सहीसह प्रत घ्यावी. घाईत ही प्रत न घेतल्याने आम्हाला एकदा आमच्या आधीच्या ग्राहकाने मोडलेल्या काचेसाठी तीन आठवडे पत्रव्यवहार करावा लागला. अनामत रक्कम कार्डावर मोकळी व्हायला काही दिवस लागतात, तेव्हा परतीच्या प्रवासातील मुक्कामाचा खर्च त्याच कार्डावर धरू नये.